‘सीआरएम घ्यायचं तर वरचाच प्लॅन घ्या’ या सल्ल्याला उत्तर

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर गेले काही महिने फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: सीआरएम (ग्राहक, एन्क्वायऱ्या आणि फॉलोअप यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं तर स्वस्तातला प्लॅन घेऊन अडकू नका, पहिल्या दिवसापासून वरचाच घ्या. कारणं पाच दिली आहेत. फरक माणशी दिवसाला चहा-वडापावइतका आहे. एक ऑर्डर जादा आली की वर्षाचे पैसे वसूल. वरच्या प्लॅनमधलं एआय कुठली एन्क्वायरी पिकणार ते आधीच सांगतं. रिपोर्ट नीट मिळतात. आणि नंतर प्लॅन बदलायला गेलात तर डेटा हलवण्यात नाकी नऊ येतात.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या कारखान्यांना आणि डीलरांना सीआरएम बसवून देणं हे माझं रोजचं काम आहे. या सल्ल्यावर विसंबून घेतलेल्या प्लॅनची रिन्युअलची बिलं वर्षभराने माझ्यासमोर येतात आणि मालक विचारतात, ‘यातलं आपण नेमकं काय वापरलं?’ म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘फरक माणशी दिवसाला चहा-वडापावचा.’ हिशेब झोहो या कंपनीच्या सीआरएमच्या भावांवर मांडते. वार्षिक बिलावर माणशी महिना स्टँडर्ड ८०० रुपये, प्रोफेशनल १,४०० आणि एंटरप्राइज २,४०० असे भाव धरले आहेत. भाव बदलत राहतात, तेव्हा तुम्ही घ्याल त्या दिवसाचा आकडा टाकून हाच हिशेब पुन्हा करा. स्टँडर्ड आणि एंटरप्राइजमधला फरक १,६०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ५३. इथवर मजकुराचं म्हणणं बरोबर आहे. पण विक्रीची आठ माणसं असतील तर वर्षाचा फरक होतो १,५३,६०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १,८१,२४८. नियमित जीएसटीत असाल तर कराचं क्रेडिट मिळेल. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असाल तर तेही नाही, सगळी रक्कम खिशातूनच जाते.

शिवाय ज्या एका माणसाला वरची सोय हवी आहे, त्याच्यापुरताच वरचा प्लॅन घेता येत नाही. सेल्सफोर्स (दुसऱ्या एका कंपनीचं सीआरएम) असो वा झोहो, एका कंपनीच्या खात्याला एकच आवृत्ती, म्हणजे एकच प्लॅन, लागतो. बिल आठही जणांचं वाढतं, त्यात फक्त पत्ता आणि फोन नंबर बघायला लॉगिन करणारी ऑफिसातली ताईही आली.

याचा एक परिणाम त्या मजकुरात कुठेच नाही, आणि मला तोच सगळ्यात जास्त खटकतो. स्टँडर्डमध्ये आठ जणांना वर्षाला ७६,८०० रुपये लागतात. एवढ्या पैशांत एंटरप्राइजचे तीन युजरही बसत नाहीत. मग मालक तीनच लायसन्स घेतो आणि एकेक लॉगिन दोघा-तिघांत वाटून देतो. कुठल्या पार्टीशी कोण बोललं, कोटेशन कुणी पाठवलं, भाव कुणी सांगितला, कशाचाच पत्ता लागत नाही. ज्यांच्या वाट्याला लॉगिन येत नाही त्यांच्या एन्क्वायऱ्या डायरीत आणि त्यांच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये राहतात. ती माणसं नोकरी सोडतात तेव्हा एन्क्वायऱ्याही त्यांच्याबरोबर जातात. सीआरएम घेण्याचं मूळ कारणच त्यामुळे बाद होतं. हातात ठरावीक पैसे असतील तर आधी सगळी विक्रीची माणसं आत आणा. प्लॅनची पायरी त्यानंतर बघा.

‘एक ऑर्डर जादा आली की वसूल.’ इथे ऑर्डरची रक्कम आणि त्यातून उरणारा पैसा यांची गल्लत केली आहे. पंपांच्या डीलरला १२ टक्के मार्जिन सुटतं असं धरलं, तर १,५३,६०० रुपये भरून निघायला १२ लाख ८० हजारांची विक्री लागते. तीही अशी विक्री, जी खालच्या प्लॅनवर झाली नसती. प्लॅन बदलल्यावर आलेली प्रत्येक ऑर्डर प्लॅनमुळेच आली असं धरलं, तर कुठलीही गोष्ट वसूल झालेली दाखवता येते. पाऊस चांगला झाला, जुन्या ग्राहकाने नवं युनिट काढलं, समोरच्या डीलरकडे माल नव्हता, ऑर्डर वाढायला अशी शंभर कारणं असतात.

आणि खर्च लायसन्सपाशी थांबत नाही. हबस्पॉट या आणखी एका कंपनीच्या सेल्स हबचा प्रोफेशनल प्लॅन घेतला तर १,५०० डॉलरचं ऑनबोर्डिंग शुल्क, म्हणजे सुरुवात करून देण्याचे पैसे, एकदा वेगळं भरावं लागतं. झोहोत तसं सक्तीचं शुल्क नाही, पण वरच्या प्लॅनमधले नियम, मंजुऱ्या, पोर्टल कुणीतरी बसून मांडावं लागतं आणि पुढे सांभाळावंही लागतं. ते काम करणारं माणूस ऑफिसात नसेल तर माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला पैसे द्यावे लागतात. वरच्या प्लॅनची वसुली मांडताना ही रक्कमही त्यात धरा.

‘एआय सांगतं कुठली एन्क्वायरी पिकणार.’ सांगतं, पण त्याला शिकायला तुमचा मागचा डेटा लागतो. लीडला, म्हणजे नव्या एन्क्वायरीला, गुण देणाऱ्या सेल्सफोर्सच्या आइनस्टाइन लीड स्कोअरिंगचंच बघा. तुमच्या स्वतःच्या डेटावर गणित मांडायला मागच्या सहा महिन्यांत किमान १,००० लीड तयार झालेल्या असाव्या लागतात आणि त्यातल्या १२० तरी पुढे कन्व्हर्ट झालेल्या हव्यात. तेवढा डेटा नसेल तर ते इतर ग्राहकांच्या एकत्रित, निनावी डेटावरच्या सर्वसाधारण मॉडेलने गुण देतं. महिन्याला साठ-सत्तर एन्क्वायऱ्या येणाऱ्या व्हॉल्व्हच्या डीलरकडे सहा महिन्यांत चारशेच्या आसपास लीड जमतात. मग भोसरीच्या पार्टीचं मोजमाप दुसऱ्याच धंद्यांच्या अनुभवावरून होणार. त्यापेक्षा त्याच्याकडे दहा वर्षं काउंटर सांभाळणारा माणूस फोनवर दोन मिनिटं बोलून पार्टीचा अंदाज अचूक बांधतो. इंडियामार्टवरून महिन्याला हजारो लीड येत असतील आणि त्या हाताळायला मोजकीच माणसं असतील, तर मात्र हे साधन कामाचं आहे. तिथे आधी कुणाला फोन करायचा हा खरोखरच अडलेला प्रश्न असतो.

‘रिपोर्ट नीट मिळतात.’ एका पंप-डीलरकडच्या सोमवारच्या मीटिंगची स्क्रीन सांगते. वरचा प्लॅन, रंगीत डॅशबोर्ड, महिन्याचा अंदाज लाखांत. खालची यादी उघडली तर चाळीसच्या वर एन्क्वायऱ्या चालू दाखवत होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळींत पुढच्या फॉलोअपची तारीख रिकामी होती आणि शेऱ्यात एकच वाक्य खालपर्यंत उतरलेलं होतं, ‘पार्टी बोलतो म्हणाली’. ऑर्डर कधी फुटणार त्याची तारीख सगळीकडे महिनाअखेर. फॉर्मने ती तारीख सक्तीची केली होती, म्हणून मुलांनी जी पहिली सुचेल ती टाकली होती. डॅशबोर्ड याच तारखांवरून लाखांचा अंदाज काढत होता. यावरचा उपाय २,४०० च्या प्लॅनमध्ये नाही. भरायच्या वीस रकान्यांतले तेरा काढून टाकले, ‘नाही म्हणाले’ असं लिहिण्याची मुलांना मोकळीक दिली आणि मालकांनी दर सोमवारी फक्त रिकाम्या तारखांची यादी समोर घ्यायला सुरुवात केली. हे सगळं स्टँडर्डमध्येही करता येतं.

‘नंतर प्लॅन बदलायला गेलात तर डेटा हलवावा लागतो.’ हा मुद्दा सरळ चुकीचा आहे, आणि लोक घाबरतात ते यालाच. त्याच कंपनीच्या खालच्या प्लॅनवरून वरच्या प्लॅनवर जाताना डेटा कुठेही हलत नाही. खातं तेच, पार्ट्या त्याच, जुना पत्रव्यवहार जागच्या जागी. मुदतीच्या उरलेल्या दिवसांपुरता फरक भरायचा आणि नव्या सोयी खुल्या होतात. डेटा हलवण्याचा त्रास होतो तो एका कंपनीचं सीआरएम सोडून दुसऱ्या कंपनीचं घेताना, आणि तो सगळ्यात महागडा प्लॅन घेतला तरी चुकत नाही.

अवघड असतं ते उलट दिशेने येणं. वार्षिक करार असेल तर प्लॅन किंवा युजर कमी करायला सहसा रिन्युअलपर्यंत थांबावं लागतं, मधल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत. वरच्या प्लॅनमध्ये उभे केलेले जादा नियम, रकाने, मंजुरीच्या साखळ्या खालच्या प्लॅनच्या मर्यादेत बसत नाहीत आणि बंद पडतात. वर्षभर माणसांना ज्या पद्धतीची सवय लावली ती मोडावी लागते, म्हणून मालक नाइलाजाने तोच प्लॅन पुढे चालू ठेवतो. किंमतवाढही वरच जास्त झोंबते. १ ऑगस्ट २०२५ पासून सेल्सफोर्सने यादीतले भाव सरासरी ६ टक्क्यांनी वाढवले ते एंटरप्राइज आणि अनलिमिटेड या वरच्या आवृत्त्यांचे. वर चढणं एका दुपारचं काम आणि उतरणं वर्षाचं, असं असेल तर सुरुवात खालून करण्यातच शहाणपण आहे.

आता वरच्या प्लॅनची बाजूही नीट मांडायला हवी, कारण काही ठिकाणी मी स्वतः तो घ्यायला लावते. इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रत्येक कोटेशनवर डिस्काउंट वेगळा असायचा. सेल्सची मुलं साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायची, ‘सर, ८ टक्के देऊ का?’ साहेब प्रवासात असले की उत्तर संध्याकाळी. तोवर मुलगा अंदाजाने ८ लिहून कोटेशन पाठवून मोकळा झालेला असायचा, आणि रात्री उत्तर यायचं, ‘५ च्या वर नको’. पार्टीला पाठवलेला भाव मागे घेता येत नाही. तीन टक्क्यांचा फरक एकेका ऑर्डरवर पडत होता, आणि वर्षभरात असा किती पैसा गेला हे त्यांच्याच कोटेशनांवरून मोजता आलं. ती रक्कम प्लॅनच्या फरकाहून बरीच मोठी निघाली. ठरावीक टक्क्यांच्या वर डिस्काउंट गेला की मंजुरी मिळेपर्यंत कोटेशन अडवणारी सोय झोहोत एंटरप्राइजमध्ये आहे. तिथे तो प्लॅन घेणं रास्त होतं.

तसंच सेल्सफोर्समध्ये टॅली किंवा दुसरं सॉफ्टवेअर जोडायचं असेल तर एपीआय (दोन सॉफ्टवेअरना आपसांत माहिती देण्याघेण्याची सोय) लागतं. ते एंटरप्राइजपासून आवृत्तीतच येतं, त्याखालच्या आवृत्त्यांमध्ये ते आपोआप मिळत नाही. बिलाची माहिती कुणीतरी रोज दोन ठिकाणी टाइप करत असेल तर त्या तासांचा पगार काढा आणि दोन्ही रकमा शेजारी ठेवा.

मधल्या प्लॅनचं तर कुणी नावच घेत नाही. कोटेशन सीआरएममधूनच बनवायचं आहे, किंवा ठरलेली पायरी पूर्ण झाल्याशिवाय डील पुढे सरकू नये एवढीच गरज आहे, तर झोहोत हे प्रोफेशनलमध्येच मिळतं. म्हणजे माणशी १,६०० रुपयांची नाही, ६०० रुपयांची उडी. अशा मजकुरात सगळ्यात खालच्या आणि वरच्या टोकाचीच तुलना असते. लायसन्स विकणाऱ्या भागीदाराला कमिशन सहसा लायसन्सच्या रकमेवर मिळतं. त्यात गैर काही नाही, पण सल्ला कुणाचा आहे ते बघूनच तो ऐकावा.

निर्णय घ्यायच्या आधी आज अडलेलं एक काम कागदावर लिहून काढा. ते कोण करतं, आठवड्याला त्यात किती तास जातात किंवा किती पैसे गळतात, आणि कुठल्या प्लॅनमधल्या कुठल्या सोयीने ते सुटेल, एवढंच लिहायचं. ती सोय असलेला सगळ्यात खालचा प्लॅन शोधायचा आणि तोच ट्रायलवर घ्यायचा. झोहो सीआरएमची ट्रायल १५ दिवसांची असते, सेल्सफोर्सची ३० दिवसांची. त्यात नमुन्याच्या पार्ट्या भरून बघू नका. तुमच्या एका सेल्समनच्या चालू एन्क्वायऱ्या, त्याची खरी कोटेशनं आणि त्याचे रोजचे फोन टाका. लिहून ठेवलेलं काम तो त्या दिवसांत त्यातूनच करतो की पुन्हा डायरी उघडतो, ते त्याच्या शेजारी बसून बघा.