फिटनेसचा कागद आणि हुकची लॅच

बांधकाम साइटवरच्या गाड्या-मशीनच्या सुरक्षेवरच्या एका लेखात म्हटलंय की डंपर, मिक्सरचं आरटीओ फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची असल्याचं प्रमाणपत्र) वेळेवर झालं की निम्मं काम झालं, पण मी पुण्याच्या वाकड-हिंजवडी पट्ट्यात साइट सुपरवायझर म्हणून सात वर्षं काढलीत, तेवढ्यावर विसंबू नका. आठ वर्षांच्या आतल्या गाडीला फिटनेस दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे मधल्या काळात ब्रेक लायनिंग, टायर, रिव्हर्स हॉर्न कोण बघणार? रिव्हर्स हॉर्नची तर वायरच काढून ठेवतात, रात्री सोसायटीवाले ओरडतात म्हणून!!

क्रेनचं अजून वेगळंय. बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या नियमांत उचलायच्या मशीनची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून एकदा तरी कसून तपासणी सांगितलीय, फॉर्मही असतो. आमच्याकडे भाड्याने एक हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) आली होती, फॉर्म एकदम करकरीत, सही शिक्का सगळं. आणि हुकची लॅच, म्हणजे माल हुकातून निसटू नये म्हणून असलेली पट्टी, बाइंडिंग वायरने बांधलेली. वायर रोपला हात लावला तर ग्लव्हजमध्ये तुटलेल्या तारा अडकल्या. ऑपरेटर म्हणतो "साहेब, कालच दीड टन उचललंय, काय होत नाय". परत पाठवली तर वरून मलाच फोन, स्लॅबचं स्टील खाली पडून राहिलं म्हणून.

तेव्हापासून मी फाइल नंतर उघडतो, आधी सकाळी ऑपरेटरला सोबत घेऊन हुक, रोप, ऑइलच्या होजची गळती, लिमिट स्विच (हुक फार वर गेला की मशीन थांबवणारा) बघतो. दहा मिनिटं लागतात हो. चहाला जास्त जातात.