लू व्हिटेकर अजून हॉल ऑफ फेमच्या बाहेर का?

अमेरिकेतल्या डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचा लू व्हिटेकर १९७७ ते १९९५ असे १९ हंगाम सेकंड बेसवर, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक म्हणून खेळला. एकच संघ, एकच जागा. २,३६९ हिट्स (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), २४४ होमरन, १,३८६ धावा. तरीही बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा मान राखणाऱ्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

लूबद्दल बोलायचं तर ॲलन ट्रॅमलचं नाव येणारच. दोघांनी ९ सप्टेंबर १९७७ ला बोस्टनच्या फेनवे पार्कवर एकाच सामन्यात पदार्पण केलं. ट्रॅमल शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), लू सेकंड बेसमन. पुढे १,९१८ सामने दोघं एकत्र खेळले. डबल प्ले करणारी इतकी दीर्घकाळ टिकलेली दुसरी जोडी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, झालेली नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी डबल प्ले जरा सविस्तर सांगते. बॅटरने चेंडू जमिनीलगत मारला, ट्रॅमलने तो उचलून सेकंड बेसकडे टाकला. पहिल्या बेसवरचा रनर घसरत थेट लूच्या पायांवर येतोय. तेवढ्यात लूने बेसला पाय लावायचा, ग्लोव्हमधला चेंडू उजव्या हातात घ्यायचा, पाय वाचवायचे आणि पहिल्या बेसकडे अचूक फेकायचा. दोघं बाद. जुन्या चित्रफिती बघा, लू हे इतक्या सहज करतो की त्यात काही अवघड आहे असं वाटतच नाही. माझ्या मते तिथेच त्याचं नुकसान झालं. धडपडून केलेलं लोकांच्या लक्षात राहतं, सहज केलेलं गृहीत धरलं जातं.

१९७८ चा सर्वोत्तम नवोदित, सलग पाच वेळा ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड), क्षेत्ररक्षणासाठी तीन गोल्ड ग्लोव्ह, १९८४ ची वर्ल्ड सिरीज म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद. १९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला तो स्वतःची जर्सी विसरून आला. मग स्टेडियममधल्या दुकानातून एक विकत घेतली, पाठीवर मार्करने १ हा आकडा काढला आणि तीच घालून खेळला. ती जर्सी आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आणि २००१ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी बेसबॉल पत्रकारांच्या मतदानात काय झालं? ५१५ पैकी फक्त १५ मतं. पाच टक्क्यांच्या खाली गेलं की नाव पत्रकारांच्या यादीतून कायमचं बाद, त्यामुळे पहिल्याच वर्षी विषय संपला. त्याच काळातला दुसरा सेकंड बेसमन रायन सँडबर्ग, त्याला २००५ मध्ये याच मतदारांनी निवडलं. सँडबर्ग मोठाच खेळाडू, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या हिट्स २,३८६, म्हणजे लूपेक्षा फक्त १७ जास्त. लूने एमव्हीपी (हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू) हा पुरस्कार कधी जिंकला नाही, ३,००० हिट्सही केल्या नाहीत, हे मान्य. पण १९ वर्षांचं सातत्य कशात मोजायचं मग?

पत्रकारांच्या मतदानात राहून गेलेल्यांचा पुन्हा विचार एक वेगळी समिती करते. ट्रॅमलला २०१८ मध्ये त्या समितीमार्फत प्रवेश मिळाला, तो योग्यच होता. लूचं नाव डिसेंबर २०१९ मध्ये समितीपुढे आलं तेव्हा १६ पैकी सहाच मतं पडली, हवी होती १२. टायगर्सने २०२२ मध्ये त्याचा १ नंबर निवृत्त केला. डेट्रॉइटने आपलं काम केलं, कूपर्सटाउनचं बाकी आहे.

लूचा जन्म १९५७ चा. डिक ॲलन या जुन्या बेसबॉलपटूला समितीने २०२४ मध्ये निवडलं, तेव्हा त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. लूच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका. त्याला बोलवा, ट्रॅमलसमोर त्याचं भाषण होऊ द्या.