रुन बेटावरचे लोक आळशी आहेत का? एका काकांच्या प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगू, आधी जाम राग आला. सकाळी चहा घेताना परत वाचली तेव्हा वाटलं की अर्धी तर बरोबरच आहे. म्हणून उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

ज्यांनी ती वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंडोनेशियातल्या बांदा बेटांपैकी रुन नावाच्या टिकलीएवढ्या बेटावर मी लिहिलं होतं (आपलं सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे, मालुकू प्रांतातलं). त्यावर काका म्हणतात की रुनच्या बदल्यात डचांनी इंग्रजांना मॅनहॅटन दिलं ही व्हॉट्सअॅप युनिव्हर्सिटीची गोष्ट आहे आणि मी ती न तपासता छापली. शिवाय मी गरिबीचे सुंदर फोटो विकतोय, तिथले लोक मुळात आळशी आहेत, परसात जायफळाचं सोनं लटकतंय आणि हे धक्क्यावर बसून सिगरेटी फुंकतायत. आणि पोरं गाव सोडून जातायत तर जाऊ देत, गाव रिकामं करा, मालदीवसारखं रिसॉर्ट बांधा, चार पैसे तरी दिसतील. काका स्वतः चौतीस वर्षं मर्चंट नेव्हीत होते, सुराबाया, अंबोन ही तिकडची बंदरं, सगळं बघितलंय असं त्यांनी लिहिलंय. त्यावर मी नंतर येतोच.

मॅनहॅटनचं आधी मिटवून टाकतो, कारण तिथे चूक माझीच आहे. १६६७ मध्ये इंग्रज आणि डच यांच्यात ब्रेडाचा तह झाला, त्यात कोणी कोणाला हे घे आणि ते दे असं केलं नव्हतं. ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहू दे, असं ठरलं. न्यू अॅमस्टरडॅम, म्हणजे मॅनहॅटनवरचं डचांचं गाव, इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतलं होतं आणि रुन डचांच्या हातात होतं, तहाने फक्त त्यावर शिक्का मारला. अदलाबदल म्हटलं की गोष्ट चटपटीत होते म्हणून मी तसं लिहून मोकळा झालो, दुरुस्ती केलीये. पण एक सांगतो, नैराला, म्हणजे बांदाच्या मुख्य बेटाला, उतरल्यापासून जो भेटेल तो हीच अदलाबदलीची गोष्ट ऐकवतो, आणि त्यांच्या बाजूने ऐकताना ती खोटी वाटत नाही. जगात एकेकाळी आपलं बेट एवढं महाग होतं आणि आज आपल्याकडे अंडी संपली की बोटीची वाट बघायची, हे सांगायला त्यांना ती गोष्ट लागते.

गरिबीच्या सौंदर्याचंही थोडं कबूल करतो. लेखात मी चांदण्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिलाय, पण ते चांदणं एवढं लख्ख का दिसत होतं हे लिहिलं नाही. आम्ही होतो तेव्हा संध्याकाळी जनरेटर सुरू व्हायचा आणि रात्री अकराच्या सुमारास बंद, त्यानंतर पंखा नाही, फ्रीज नाही, मग चांदण्याशिवाय बघायला काय असणार. ते लिहायला हवं होतं. हा मुद्दा तुमचा.

पण आळशी? इथे मात्र थांबा काका.

तुम्ही जायफळ किराणा दुकानात बघितलंय, श्रीखंडात किसलंय, मीही आयुष्यभर तेवढंच केलं होतं. ज्यांच्या घरी मी राहिलो त्या बाईंबरोबर एक सकाळ बागेत गेलो. बाग म्हणजे आपल्यासारखी लावलेली नाही, वर कनारीचे प्रचंड झाड सावलीला, त्याखाली जायफळ. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला वेताची छोटीशी टोपली आणि दोन दात, त्याला ते गाय-गाय म्हणतात (जायफळाला म्हणतात पाला, त्यामुळे पहिला दिवस माझ्या डोक्यात नुसता पालापाचोळा चालू होता). मान मागे टाकून वर बघायचं, उकललेलं फळ शोधायचं, दात अडकवून हिसका द्यायचा आणि फळ टोपलीत. मी दहा मिनिटं केलं आणि मान धरली, बाई साठीच्या पुढच्या होत्या आणि दुपारपर्यंत थांबल्या नाहीत. न उकललेलं तोडलं तर आतली बी कच्ची, आणि पिकून खाली पडलं आणि ओल्या जमिनीवर राहिलं तर बुरशी.

त्यानंतरचं काम तर कोणी फोटोतही दाखवत नाही. फळ फोडलं की आत चकचकीत काळपट बी आणि तिच्यावर लालभडक जाळी, ती आपली जायपत्री, तिकडे फुली. ती न तुटता एका तुकड्यात काढायची, कारण अखंड पत्रीला भाव वेगळा, आणि पत्रीला जायफळापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. मग पत्री उन्हात, आणि बी कवचासकट चुलीवरच्या माळ्यावर धुरात, एक-दोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. झालं की नाही कसं कळणार, तर बाईंनी एक बी माझ्या कानाशी धरून हलवली, आत खडखड आवाज आला. वाजली म्हणजे सुकली. दुसरी हलवली, ती मुकी. मुकी परत माळ्यावर.

आता यात पाऊस आला की काय होतं बघा. नीट सुकलं नाही तर अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आणि युरोपात इंडोनेशियाच्या जायफळाची त्यासाठीच कडक तपासणी होते. त्याचं नुकसान सगळ्यात शेवटी कोणाच्या पदरात पडतं हे सांगायला नको. आणि सुकायला थांबायचं म्हणजे घरात तेवढे दिवस पैसा हवा. बाईंच्या शेजारच्या घरात तो नव्हता, पोराची फी भरायची होती, त्यांनी ओलंच विकलं, ज्याच्याकडून वर्षभर तांदूळ-तेल उधार घेतलं त्यालाच आणि तो म्हणेल त्या दराने. काका, तुम्ही कोकणातले असाल असं तुमच्या आडनावावरून वाटतं, आंब्याच्या बागायतदाराने वाशीच्या दलालाकडून मोहोर यायच्या आधीच उचल घेतलेली तुम्ही बघितली नाही का? त्याला आपण आळशी म्हणतो का?

बरं, सिगरेटी फुंकणारे पुरुष मीही बघितले, दुपारी दोनला, धक्क्यावर. ते मच्छीमार होते, पहाटे तीनला गेलेले आणि परत आलेले. बांदा समुद्रात ट्यूना आहे, भरपूर आहे, पण ट्यूनाला बर्फ लागतो, बर्फाला वीज लागते आणि वीज आम्ही होतो तेव्हा संध्याकाळीच यायची. थोडका बर्फ नैराहून आणायचा, तो वाटेत वितळतो. बर्फाशिवायचा मासा गावातच खायचा नाहीतर खारवायचा. २०१० मध्ये सेल बांदा नावाचा मोठा सरकारी सोहळा झाला, त्यात राष्ट्राध्यक्षांनी मालुकू हे देशाचं माशांचं कोठार होणार असं जाहीर केलं. कोठार ठीक आहे हो, पण रुनला आधी एक बर्फाची फॅक्टरी द्या की.

आता तुमच्या चौतीस वर्षांवर येतो आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. तुम्ही हा समुद्र जहाजावरून बघितलात, अंबोनला लागलात, माल उतरवला, निघालात. रुनच्या माणसाला तोच समुद्र खालून दिसतो. रुन ते नैरा वीसएक किलोमीटर, लाकडी बोटीने साधारण दोन तास, बोट पहाटे बाजाराला जाणार आणि दुपारी परतणार, चुकली की उद्या. नैरा ते अंबोन दोनशेच्या वर किलोमीटर, पेल्नी या सरकारी कंपनीचं मोठं जहाज पंधरवड्यातून एखाद-दोनदा, आणि स्पीडबोट समुद्र शांत असेल तेव्हाच. जून ते ऑगस्ट पूर्वेचा वारा, डिसेंबरपासून पश्चिमेचा, म्हणजे वर्षातले कितीतरी महिने बोट येईल का हाच गावातला मुख्य विषय. आणि गंमत बघा, बांदाचं जिल्ह्याचं ठिकाण मासोही, ते सेराम बेटावर. म्हणजे जिल्हा कचेरीत एका कागदावर सही हवी असेल तर आधी नैरा, मग अंबोन, मग तिसऱ्या बोटीने सेराम, आणि साहेब मीटिंगला गेलेत. आपल्याकडे तालुक्याला एसटीने जाऊन हेलपाटा पडला तरी आपण चार दिवस शिव्या देतो.

तुम्ही सोनं म्हणता ना, ते सोनं झाडावर असेपर्यंत सोनं नसतं. बोटीत चढलं, पलीकडे उतरलं आणि कोणी खरा भाव दिला, की मग सोनं. रुनचं सगळं या मधल्या भागात अडलंय. आणि हे आजचं नाही. १६१६ ते १६२० नॅथॅनिएल कोर्टहोप नावाचा इंग्रज मूठभर माणसं घेऊन याच बेटावर डचांच्या वेढ्यात बसला होता, त्याच्याभोवतीसुद्धा जायफळ लटकतच होतं, पण बेटावर ना नदी ना झरा, प्यायला पावसाचं पाणी आणि तांदूळ बाहेरून.

अजून एक, तुम्ही 'त्या लोकांची जातच तशी' असं लिहिलंय. कुठली जात काका? १६२१ मध्ये डचांचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून फौज घेऊन आला आणि बांदाचे मूळ लोक जवळजवळ संपवले, पंधरा हजारांच्या आसपास होते असं धरतात, उरले हजारभर. चव्वेचाळीस प्रमुखांना नैराच्या किल्ल्याजवळ भाडोत्री जपानी सैनिकांकडून मारलं. जे पळाले त्यातले काही केई बेटांवर पोचले आणि बांदाची मूळ भाषा आज तिथे बोलतात, बांदात नाही. बेटांवर मग डचांनी बागांचे तुकडे पाडून आपल्या लोकांना दिले आणि राबायला कुठून कुठून गुलाम आणले, गुलामी १८६० मध्ये बंद झाल्यावर जावाहून करारावर मजूर आणले, बुटन बेटावरचे लोक आले. आजचा रुनचा माणूस म्हणजे या सगळ्यांची खिचडी. तीनशे वर्षं दुसऱ्याच्या बागेत राबलेल्यांच्या पोरांना आळशी म्हणताना जरा जीभ अडखळायला हवी, एवढंच.

पोरं जातात, खरंय. अकरावी-बारावीला नैरा, तिथे हत्ता आणि शहरीर या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांच्या नावाने सुरू झालेलं कॉलेजही आहे (दोघांना डचांनी १९३६ ते १९४२ तिथेच नजरकैदेत ठेवलं होतं, ते गावातल्या पोरांना शिकवायचे), नाहीतर अंबोन, तिथून पुढे पापुआ, मकासर. मी त्यावर रडलो असं तुम्हाला वाटलं असेल तर माझं लिहिणं फसलं. माझे आजोबा गिरणीत होते, गुहागरजवळच्या आमच्या घराचं छप्पर मनीऑर्डरवर शाकारलं गेलं, मी कुठल्या तोंडाने कोणाला गावात राहा म्हणू? बाईंची धाकटी अंबोनला नर्सिंग करते आणि तिच्याच पैशांवर ते जायफळ माळ्यावर पूर्ण सुकेपर्यंत थांबू शकतं. शेजारच्या घरी असं कोणी नाही म्हणून ते ओलं गेलं. हे मला तिथे चौथ्या दिवशी कळलं आणि लेखात घालायचं राहिलं, जे खरं तर सगळ्यात महत्त्वाचं होतं. बाहेर एक जण असेल तर गावात चार जण टिकतात.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर २०१५ पासून गावांना थेट केंद्रातून निधी येतो, त्यातून पायवाटा, समुद्राकडची भिंत, पाण्याच्या टाक्या असली कामं होतात. पण गावाला त्यातून भिंत बांधता येते, जहाजाचं टाइमटेबल बदलता येत नाही.

आणि रिसॉर्टचं म्हणाल तर मी विरोधात नाही, डायव्हिंगला लोक येतातच, बाईंच्या दोन खोल्या त्यावरच चालतात. पण पन्नास खोल्या, प्रत्येकीला शॉवर आणि एक पूल, याला पाणी कुठून आणणार? घराघरात पन्हाळीखाली सिमेंटचा हौद आहे, त्यातलं पाणी मी पहिल्या दिवशी मुंबईच्या सवयीने दोन बादल्या अंगावर ओतलं. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी बाथरूममधला मोठा मग जाऊन तिथे नारळाची करवंटी आली होती.

शेवटी तुम्ही चिडून का होईना लिहिलंय की निदान त्या जायफळाच्या जॅमची रेसिपी तरी द्यायची होती. घ्या. बी आणि पत्री काढल्यावर जो पिवळट जाड गर उरतो, जो आपल्याकडे कोकणात बहुतेक जण झाडाखालीच टाकून देतात, तो सोलून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचा म्हणजे तुरटपणा उतरतो. सकाळी धुऊन किसायचा, साखर, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. मी दापोलीच्या एका मित्राच्या बागेतली फळं आणून केला, छान होतो, रंग जरा मातकट येतो. साखर किसाच्या बरोबरीने घ्या. बाई निम्मीच घालायच्या, मला वाटलं तिकडची पद्धतच तशी असेल, विचारलं तर म्हणाल्या, नाही रे, बोट आली नाहीये.