फॉर लूपमधल्या 'आय'ला बग का म्हणत नाही

कमेंट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की व्हिज्युअल सी++ ६ (व्हीसी ६) या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये (सी++ कोडचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) फॉर लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) डिक्लेअर केलेला 'आय' हा व्हेरिएबल लूप संपल्यावरही जिवंत राहतो हा सरळसरळ बग आहे, आणि मी त्याला 'इन्कम्पॅटिबल एक्स्टेन्शन' (भाषेच्या नियमांशी न जुळणारी जादा सोय) म्हणून मायक्रोसॉफ्टची वकिली करतोय. वकिली कसली हो, त्या कंपायलरला मीही भरपूर शिव्या घातल्यात.

पण मुळात जुना नियमच तसा होता ना! १९९८ च्या स्टँडर्डआधी, म्हणजे सी++ चे अधिकृत नियम ठरण्याआधी, आय बाहेरच राहायचा (कॉलेजात टर्बो सी++ वर हात बसलेल्यांना दुसऱ्या लूपमध्ये परत इंट आय लिहिल्यावर येणारी एरर आठवत असेल). स्टँडर्डने नियम बदलला, त्याच वर्षी आलेल्या व्हीसी ६ ने डिफॉल्ट जुनाच ठेवला, कारण लूपनंतर तोच आय वापरणारा कोड ढिगाने पडलेला. नवा नियम हवा तर झेडए स्विच (कंपायलरला द्यायचा पर्याय) होता, पण तो लावला की विंडोज डॉट एच (विंडोजच्या प्रोग्रामना लागणारी मायक्रोसॉफ्टचीच फाइल) कंपाइल होईना! मग लोकांनी जुगाड काढला, चक्क फॉर नावाचाच मॅक्रो (कंपाइल होण्याआधी एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर टाकणारी व्याख्या), 'इफ फॉल्स, सेमीकोलन, एल्स फॉर', म्हणजे आय त्या एल्सच्या आत कोंडला जायचा. २००५ च्या व्हर्जनमध्ये नवा नियम डिफॉल्ट झाला तरी जुना परत आणायचा स्विच ठेवलाच. आता मला सांगा, कंपायलर चुकीचा मशीन कोड काढतो, असला बग परत आणायला कुणी स्विच देतं का?

'इन्कम्पॅटिबल' मात्र मी मुद्दाम लिहिलं होतं. स्टँडर्ड एक्स्टेन्शन चालवून घेतं, पण बरोबर प्रोग्रामला धक्का लागता कामा नये. इथे दोन लूपमध्ये दोनदा इंट आय लिहिलेला बरोबर प्रोग्राम अडतो, त्यामुळे सूट देण्याचा प्रश्नच नाही.

आणि 'जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर) असलं कधी करत नाही' हे तुमचं वाक्य तर राहूच द्या. लिनक्सवर सी फाइलमध्ये एका व्हेरिएबलला स्मॉल लेटर्समध्ये लिनक्स नाव देऊन त्यात ५ टाका, डिफॉल्ट सेटिंगला एरर येईल. त्या नावाचा मॅक्रो आधीच १ म्हणून बसलेला असतो, कंपायलरला दिसतं 'इंट १ बरोबर ५'. जीएनयू मोड (जीसीसीच्या जादा सोयींसकट चालणारं डिफॉल्ट सेटिंग) सोडून स्टँडर्ड सी११ चा स्विच लावा, गपगुमान चालतं.

कंपायलर नियमाबाहेरचा कोड गुपचूप चालवून घेतो याबद्दलचा तुमचा राग मात्र शंभर टक्के पटला. टेम्पररी ऑब्जेक्ट (क्षणापुरतं तयार होणारं) नॉन-कॉन्स्ट रेफरन्सला (ज्यातून मूळ ऑब्जेक्ट बदलता येतं असं दुसरं नाव) बांधलेलं व्हीसीला चालायचं, त्याची ४२३९ नंबरची वॉर्निंगही आहे, पण ती चौथ्या लेव्हलला आणि प्रोजेक्ट डिफॉल्टने तिसऱ्या लेव्हलवर, म्हणजे तिसरीपर्यंतच्याच वॉर्निंग दाखवणार, मग दिसणार कुणाला? तोच कोड जीसीसी नाकारतो, त्यामुळे तिकडे नेणाऱ्याच्या डोक्याला ताप. अशा ठिकाणी बग रिपोर्ट टाकलात तर 'बाय डिझाइन' (मुद्दामच तसं ठेवलंय) म्हणून बंद व्हायचीच शक्यता जास्त, त्यापेक्षा वॉर्निंग खालच्या लेव्हलला आणा म्हणून मागणी करा, तिथे मी तुमच्या बाजूने आहे.