‘खुर्चीच्या स्प्रिंगा काढून टाकल्या’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

लिलावात घेतलेल्या तुमच्या जुन्या विंग चेअरच्या (उंच पाठीच्या, दोन्ही बाजूंना पंखांसारखे कान असलेल्या खुर्चीच्या) आम्ही स्प्रिंगा काढल्या, बैठक पाटासारखी कडक केली, भोकं पडलेलं लाकूड तसंच ठेवलं, पाच आठवडे सांगून नऊ लावले, आणि आगीच्या सुरक्षेचं लेबलही लावलं नाही, असं तुम्ही लिहिलंत.

उशिराबद्दल माझ्याकडे सबब नाही. कापड वेळेवर आलं नाही हे खरं, पण तुम्हाला फोन करून ते सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. माफ करा.

स्प्रिंगांबद्दल मात्र नीट सांगतो. तुमची खुर्ची साधारण १७७०-८० ची आहे. महोगनीचे सरळ चौकोनी पाय, आत बीच लाकडाचा सांगाडा. इंग्लंडमधल्या खुर्च्यांच्या गादीत स्प्रिंगा रुळल्या त्या १८२० नंतर, म्हणजे ही खुर्ची घडवणाऱ्याने त्या घातलेल्या असणं शक्य नाही. जुनं कापड उतरवलं तेव्हा लाकडानेही हेच सांगितलं. स्प्रिंगांना खोली लागते, म्हणून त्यांच्यासाठी बैठकीचा भार पेलणारे विणलेले पट्टे चौकटीला खालून ठोकतात. स्प्रिंगा नसतील तर पट्टे वरून ठोकतात. तुमच्या चौकटीवर वर आणि खाली दोन्हीकडे खिळ्यांची भोकं होती, आणि वरच्या रांगेत हाताने घडवलेल्या एका बारीक खिळ्याचं मोडकं टोक अजून रुतलेलं होतं. स्प्रिंगा पुढे कधीतरी कुणीतरी घातल्या. त्यांनी बैठक इतकी फुगली होती की खुर्चीचे हात कोपराला टेकायच्या ऐवजी मांडीला लागत होते.

आम्ही पट्टे पुन्हा वर आणले. त्यावर गोणपाट, त्यावर घोड्याचे केस. हे केस दोरीसारखे पिळून, वाफ देऊन कुरळे केलेले असतात, म्हणून ते दबले तरी परत उभारी धरतात. तुमच्याच खुर्चीतले बरेचसे केस धुतले, आपल्याकडे पिंजारी कापूस पिंजतो तसे पिंजले आणि परत भरले. मग दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या लांब सुईने पुढची कड टाक्याटाक्याने आवळत नेली. त्या एका कडेला पूर्ण दिवस गेला. फोम घातला असता तर बिल खूप कमी झालं असतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण फोम काही वर्षांत बसतो, पुढे त्याचा भुगा होतो, आणि ती हाताने बांधलेली कड त्यातून येत नाही. एवढ्या जुन्या सांगाड्यात तो घालायला माझं मन धजत नाही.

लाकडाचं म्हणाल, तर बीच वापरतात तेच मुळी शेकडो खिळे सोसूनही ते सहसा फाटत नाही म्हणून. पण अडीचशे वर्षांत त्याचीही चाळण होते. चौकटीची नवी लाकडी पट्टी घालायची तर पायांचे चांगले घट्ट सांधे उकलावे लागले असते. त्याऐवजी सरस आणि लाकडाचा भुसा भोकांत भरला, वरून सुती पट्टी सरसाने चिकटवली आणि पूर्वीपेक्षा बारीक खिळे वापरले. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, त्यामुळे पुढच्या कारागिराला आमचं काम लाकूड न दुखावता काढता येईल. ती जुनी लाकडी पट्टी बदलली नाही याचा मला आनंदच आहे.

लेबल हवं असतं ते ब्रिटनच्या १९८८ च्या नियमांत बसणाऱ्या फर्निचरला. १९५० पूर्वी बनलेलं फर्निचर आणि त्याच्या नव्या गादीचं सामान त्या नियमांतून वगळलेलं आहे.

आता कडकपणा. तो आहे, आणि त्यात माझी चूक आहे. या घडणीच्या खुर्चीवर पिसांची सुटी गादी असते. खालची बैठक घट्ट आणि बुटकी ठेवतात ती त्या गादीचा हिशेब धरूनच. अंदाजपत्रकात गादीची वेगळी ओळ होती, खर्च वाचवायला तुम्ही ती काढायला सांगितलीत आणि मी मान्य केलं. तेव्हाच तुम्हाला वर्कशॉपमध्ये बोलावून, गादीसकट आणि गादीशिवाय अशा दोन खुर्च्यांवर बसवून दाखवायला हवं होतं. अर्धवट खुर्ची मी तुमच्या घरी पाठवली.

ती गादी आम्ही करून देतो. पिसांचा आणि अस्तराचा खर्च तेवढा तुमचा, शिलाई आमची. तुमच्या कापडाचा सव्वा मीटरचा तुकडा माझ्याकडे शिल्लक आहे, तो पुरेल. माप घ्यायला पुढच्या शनिवारी मी स्वतः येतो, सकाळची वेळ चालेल का तेवढं कळवा.