पक्षांतर करू इच्छिणाऱ्यांसाठी रोमन मार्गदर्शन

समजा, तुम्ही रोममध्ये आहात. साल इ.स.पू. 44, महिना मार्च. हुकूमशहा ज्युलियस सीझरला सिनेटच्या बैठकीत भोसकले आहे आणि काल त्याच्या पंक्तीला बसणारे आज प्रजासत्ताकावर व्याख्याने झोडत आहेत. अशा वेळी निष्ठा, तत्त्व वगैरे हुडकत बसू नका. ल्युसियस मुनाटियस प्लँकसला गुरू करा.

हा सीझरचा माणूस. सीझर गेल्यावर तो गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) सैन्य राखून बसला आणि तिथून प्रजासत्ताकाचा कैवारी वक्ता सिसेरो याला पत्रांमागून पत्रे धाडू लागला: मी प्रजासत्ताकाचाच, काळजी नसावी. तुम्हीही अशी पत्रे लिहा, चांगली लांबलचक. आज वाचली तरी गहिवरून येते. मग 43 साली अँटनी आणि लेपिडस हे सीझरचे जुने सरदार एक झाले, पारडे कुठे झुकते ते दिसले, आणि प्लँकस तिकडे गेला. डिसेंबरात सिसेरोचे मुंडके उडाले.

भाऊबंदकीत वेळ घालवू नका, ती एकदाच उरकावी. अँटनीच्या गटाची मारायच्या लोकांची यादी निघाली तीत प्लँकसचा सख्खा भाऊ होता, आणि हे नाव त्यानेच घालायला लावले, असे इतिहासकार व्हेलियस सांगतो. पुढच्याच वर्षी प्लँकस कॉन्सल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक.

साहेब बदलला की साहेबाच्या आवडीनिवडी आपल्या मानाव्यात. अँटनी क्लिओपात्राच्या नादी लागला, तेव्हा प्लँकसने एका मेजवानीत समुद्रदेव ग्लॉकसचा नाच केला. अंगाला निळा रंग, डोक्याला लव्हाळे, मागे माशाची शेपटी, बाकी उघडा, आणि हे सगळे गुडघ्यांवर. माजी कॉन्सल, बरं का. तुमचे गुडघे दुखत असतील तर राजकारणाचा नाद सोडा.

निघताना मात्र हात हलवत जाऊ नये. 32 साली प्लँकस भाच्याला घेऊन अँटनीचा प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन (सीझरचा दत्तक वारस, नावही सीझरच लावणारा) याच्याकडे आला तो एक बातमी घेऊनच: अँटनीचे मृत्युपत्र वेस्टा देवीच्या पुजारिणींकडे ठेवले आहे. ऑक्टेव्हियनने ते काढून सिनेटपुढे वाचले. त्यात अँटनीला आपले दफन क्लिओपात्राशेजारी, अलेक्झांड्रियात हवे होते. रोमकरांचे माथे भडकायला तेवढे पुरे झाले. मग प्लँकस सभागृहात अँटनीची पापे मोजू लागला, तेव्हा कोपोनियस नावाचा सदस्य म्हणाला, ‘तू सोडून येण्याच्या आदल्या दिवशी अँटनीने भलतेच उद्योग केलेले दिसतात!’ असे टोमणे ऐकून घ्यावेत. कोपोनियस पुढे काय झाला, कोणाला ठाऊक आहे?

यहुदियाचा राजा हेरोद याची पद्धत वेगळी. अ‍ॅक्टियमच्या लढाईत ऑक्टेव्हियनकडून अँटनी हरल्यावर तो रोड्स बेटावर ऑक्टेव्हियनसमोर मुकुट काढून उभा राहिला आणि म्हणाला, मी अँटनीचाच होतो. मी कोणाचा मित्र होतो ते बघू नका, कसा मित्र होतो ते बघा. मुकुट परत मिळाला. पण याला छाती लागते, तेव्हा आपण प्लँकसच बरा.

27 साली ऑक्टेव्हियनला कोणती पदवी द्यावी यावर खल चालला होता. काही जण ‘रोम्युलस’ म्हणत होते. ‘ऑगस्टस’ सुचवले प्लँकसने. 22 साली तो सेन्सॉर झाला, म्हणजे नागरिकांच्या नीतीचा रखवालदार! गाएता इथे त्याची भव्य कबर आहे. तिच्यावर कॉन्सलपद आहे, विजययात्रा आहे, वसवलेली नगरे आहेत, फ्रान्समधले आजचे लिऑनसुद्धा. निळ्या रंगाचा उल्लेख नाही.

आता तुमच्याकडे ना सैन्य, ना प्रांत, ना कोणाचे मृत्युपत्र. हरकत नाही, डोमकावळा पाळा. अ‍ॅक्टियम जिंकून परतणाऱ्या ऑक्टेव्हियनला एकाने ‘विजयी सेनापती सीझर, जय हो’ म्हणणारा कावळा दाखवला आणि 20,000 सेस्टर्स (रोमन नाणी) मिळवले. हिस्सा न मिळालेल्या भागीदाराने चहाडी केली: याच्याकडे आणखी एक आहे, तोही आणायला सांगा. तो आणला. तो म्हणाला, ‘विजयी सेनापती अँटनी, जय हो.’ ऑक्टेव्हियन चिडला नाही, बक्षीस दोघांत वाटून घ्या म्हणाला.

हे ऐकून एका गरीब चांभारानेही कावळा शिकवायला घेतला. कावळा ढिम्म. चांभार वैतागून म्हणे, ‘कष्टही गेले, पैसाही गेला.’ अखेर पक्षी बोलू लागला, पण सम्राट (म्हणजे हाच ऑक्टेव्हियन) म्हणाले, असे जय म्हणणारे घरी पुष्कळ आहेत. तेवढ्यात कावळ्याला धन्याचे ते दुसरे वाक्य आठवले. सम्राट हसले आणि आजवरच्या सगळ्या पक्ष्यांपेक्षा जास्त किंमत मोजून त्यांनी तोच घेतला.