सुभद्रेच्या झोपेवर खापर फोडू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर मध्यंतरी एक मेसेज आला. तुमच्याकडेही आला असेल, कारण तो वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'अर्जुन गरोदर सुभद्रेला चक्रव्यूह सांगत होता. आत शिरण्यापर्यंतचं ऐकून झालं आणि तिला झोप लागली, म्हणून पोटातल्या अभिमन्यूचं ज्ञान अर्धवट राहिलं. पुढे सोळाव्या वर्षी हा उतावळा, गर्विष्ठ मुलगा मोठ्यांना न जुमानता एकटाच व्यूहात घुसला आणि जयद्रथाच्या हातून मेला.' खाली गर्भवतींना सूचना होती की ऐकताना झोपू नका, बाळाचं नुकसान होतं.

माझ्या वहिनीला सातवा महिना लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो, तर ती डोळ्यांवर गार पाणी मारून पुन्हा खुर्चीत ताठ बसत होती. मोबाइलवर कुणाचं तरी प्रवचन चालू होतं. रात्रभर पाठ दुखत होती, झोप झालेली नव्हती, तरी दुपारी आडवं व्हायला ती तयार नव्हती. मला म्हणाली, "भाऊजी, खरंच असं आहे का हो? आपला डोळा लागला तर बाळाचं अर्धं राहतं?"

म्हणून हे लिहितोय. मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट महाभारताला सोडून आहे. एक मात्र काहीशी खरी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

पहिली गोष्ट सुभद्रेच्या झोपेची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने देशभरची हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती १९६६ साली पूर्ण झाली. त्या आवृत्तीत ही कथा नाही. कीर्तनातून, लोककथेतून, पुढे मालिकांमधून ती आपल्यापर्यंत आली. लोकांनी रचलेली कथा म्हणून ती गोड आहे, पोटातल्या लेकराशी बोलण्याची हौस तिच्यात आहे, आणि त्या हौसेवर माझा काही आक्षेप नाही. पण ती पुरावा म्हणून पुढे करून एखाद्या बाईची झोप उडवायची असेल, तर द्रोणपर्व उघडून बघावंच लागतं. तिथे अभिमन्यू स्वतः युधिष्ठिराला सांगतो, 'उपदिष्टो हि मे पित्रा', मला हे वडिलांनी शिकवलंय. आदिपर्वातही त्याने सगळा धनुर्वेद अर्जुनाकडून घेतल्याचं म्हटलं आहे. म्हणजे गुरूसमोर बसून घेतलेली विद्या. बाहेर कसं पडायचं ते का आलं नाही, याचं उत्तर तर खुद्द अर्जुनच देतो. त्या संध्याकाळी तो म्हणतो की व्यूहातून बाहेर पडणं मी त्याला शिकवलेलं नव्हतं. शिकवणं राहून गेलं ते बापाचं. आईचं नावही या हिशेबात कुठे नाही, आणि आपण हजारदा मेसेज पुढे पाठवून तिच्याच माथी ते मारत आलोय.

आता 'मोठ्यांना न जुमानता' हे बघू. माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात अन्यायाचं वाक्य हेच आहे.

तो युद्धाचा तेरावा दिवस. द्रोण सेनापती होऊन तिसरा. युधिष्ठिराला जिवंत पकडून देण्याचा शब्द द्रोणांना पाळता आला नव्हता. दुर्योधनाने बोल लावला, तेव्हा द्रोणांनी सांगितलं की आज पांडवांचा एक मोठा वीर पाडतो, फक्त अर्जुनाला दूर न्या. संशप्तकांनी, म्हणजे मरेपर्यंत लढण्याची शपथ घेतलेल्या योद्ध्यांनी, अर्जुनाला आव्हान देऊन दक्षिणेकडे ओढून नेलं आणि इकडे चक्रव्यूह उभा राहिला. पांडवांची फळी मागे रेटली जाऊ लागली. तेव्हा युधिष्ठिर अभिमन्यूकडे गेला. अभिमन्यू त्याच्याकडे गेलेला नाही, हे नीट ध्यानात घ्या. युधिष्ठिर म्हणाला की हा व्यूह फोडणारे चौघेच आहेत, तू, अर्जुन, कृष्ण आणि प्रद्युम्न. आणि असं कर की अर्जुन परत आल्यावर त्याने आम्हाला दोष देऊ नये.

यावर अभिमन्यूचं उत्तर कुठल्याही घमेंडखोर पोराचं नाही. आत शिरायचं मला येतं, पण काही संकट ओढवलं तर बाहेर पडता येणार नाही, असं तो सरळ सांगतो. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं आणि ते त्याने लपवलं नाही. त्यावर युधिष्ठिर म्हणतो, तू फक्त दार पाड, तू जाशील त्या वाटेने आम्ही मागोमाग येतो. भीम म्हणतो, मी येतो, धृष्टद्युम्न येतो, सात्यकी येतो, पांचाल, केकय, मत्स्य सगळे येतो. हे सगळं बोलणं धाकट्याने थोरल्यांच्या तोंडून ऐकलं आणि मग घोडे पुढे घातले. त्याला अर्धवट ज्ञानाचा बळी म्हणताना या दिलेल्या शब्दाचं काय करायचं? बाहेर पडण्याची जबाबदारी मागून येणाऱ्यांनी आपल्या अंगावर घेतली होती.

ते आले का नाहीत? इथे जयद्रथ येतो. वनवासात त्याने द्रौपदीला पळवलं होतं. भीमाने त्याला पकडून डोकं भादरलं, पाच शेंड्या ठेवून सोडलं. त्या अपमानाने पेटून त्याने तप केलं आणि शंकराकडून मिळवलं ते एवढंच की अर्जुन सोडून बाकीच्या पांडवांना तो थोपवून धरू शकेल. तेराव्या दिवशी त्याने तेच केलं. अभिमन्यूने पाडलेलं खिंडार जयद्रथाने बुजवलं. भीम, सात्यकी, धृष्टद्युम्न सगळे बाहेरच अडकले. जयद्रथाने अभिमन्यूला मारलं नाही. त्याचा दोष दार अडवण्याचा, आणि अर्जुनाची दुसऱ्या दिवसाची प्रतिज्ञा त्यासाठीच होती.

आत जे झालं तिथे मला रेंगाळावंसं वाटतं, कारण मेसेजमध्ये त्यातलं काहीच नाही. हा काही पहिल्यांदा रणात उतरलेला मुलगा नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने भीष्मांचा ध्वज पाडला होता. व्यूहात शिरल्यावर दुःशासन त्याच्या बाणांनी बेशुद्ध पडला आणि सारथ्याने त्याला पळवत नेलं. दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण पडला, कोसलांचा राजा बृहद्बल पडला, शल्याचा मुलगा रुक्मरथ पडला. द्रोण कृपांजवळ त्याचं कौतुक करू लागले, इतकं की दुर्योधन चिडून म्हणाला, शिष्याचा मुलगा म्हणून आचार्य याला मारत नाहीत. शेवटी कर्णाने द्रोणांनाच विचारलं, याला आवरायचं कसं? द्रोण म्हणाले, याचं कवच भेदत नाही, कवच घालण्याची विद्या मी याच्या बापाला दिली ती यालाही येते. हातात धनुष्य आहे तोवर हा हरायचा नाही. धनुष्य तोडा, घोडे मारा, सारथी मारा.

मग कर्णाने धनुष्य तोडलं, कृतवर्म्याने घोडे मारले, कृपांनी दोन्ही बाजूंचे रक्षक मारले, आणि सहाही रथी एकट्यावर बाण सोडू लागले. त्याने ढालतलवार घेतली, द्रोणांनी तलवार मुठीपाशी छाटली, कर्णाने ढाल फोडली. त्याने चक्र उचललं, त्याचे तुकडे झाले. त्याने गदा घेतली, तेव्हा अश्वत्थामा रथावरून उडी मारून मागे सरला. दर वेळी हातातलं गेलं की हा दुसरं उचलतो. शेवटी दुःशासनाच्या मुलाशी गदायुद्ध झालं, दोघेही एकमेकांच्या घावाने खाली पडले. तो आधी उठला आणि अभिमन्यू उठत असतानाच त्याच्या मस्तकावर गदा घातली. मारणारा तो, दुःशासनाचा मुलगा.

आता गर्व. हा आरोप मी सगळा फेटाळणार नाही, कारण तो खोटा नाही. रथ हाकणाऱ्या सुमित्राने त्याला वाटेत थांबवून समजावलं होतं. पांडवांनी तुमच्यावर फार मोठा भार टाकलाय, द्रोण अस्त्रविद्येत मुरलेले आहेत, तुम्ही सुखात वाढलात, एकदा विचार करा, असं तो म्हणाला. अभिमन्यू हसला. हा द्रोण कोण? ऐरावतावर बसलेला इंद्र आला तरी लढेन, मामा आला किंवा बाप समोर आला तरी भिणार नाही, असं तो बोलला. त्याआधी युधिष्ठिरापुढेही त्याने पेटत्या आगीत शिरणाऱ्या पतंगाची उपमा स्वतःलाच दिली होती. बापाची आणि मामाची दोन्ही कुळं खूश होतील असं काही करून दाखवायचं, हे त्याच्या डोक्यात होतं. सारथ्याचं म्हणणं त्याने ऐकून घ्यायला हवं होतं, हे माझंही मत आहे. त्याचा खरा दोष हा. पण सुमित्राच्या शब्दांत बोट कुणाकडे आहे तेही बघा. भार पांडवांनी टाकला, असं तो म्हणतो.

वयाबद्दल एवढंच. सोळा वर्षांचा आकडा आदिपर्वात येतो, सोमाचा म्हणजे चंद्राचा मुलगा अभिमन्यू होऊन जन्मला त्या कथेत. पण पांडव तेरा वर्षं बाहेर होते. सोळा धरले तर अर्जुन वनात गेला तेव्हा हा तीन वर्षांचा. मग सगळा धनुर्वेद त्याने बापाकडून शिकला कधी? त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये असं मला वाटतं. महाभारत त्याला पुन्हा पुन्हा 'बाल' म्हणतं हे खरं, पण उत्तरेशी त्याचं लग्न झालेलं होतं आणि त्याचा शब्द फौजेत चालत होता.

संध्याकाळी अर्जुन छावणीत परतला तेव्हा वाद्यं बंद होती. लोक त्याच्या नजरेला नजर देत नव्हते. तो कृष्णाला म्हणाला, रोज मी रणातून आलो की सौभद्र भावांना घेऊन हसत सामोरा येतो, आज का नाही? मग त्याने सगळ्यांना विचारलं, त्या पोराला तुम्ही व्यूहात तर पाठवलं नाहीत ना? आणि कळल्यावर म्हणाला, तुमची कवचं, तुमची शस्त्रं अंगावर मिरवायचे दागिने आहेत काय?

सुभद्रेचा विलाप पुढे येतो. ती स्वतःला बोल लावत नाही. धिक्कार असो भीमाच्या बळाचा, पार्थाच्या धनुर्विद्येचा, वृष्णींच्या आणि पांचालांच्या पराक्रमाचा, तुम्ही सगळे असताना माझं लेकरू अनाथासारखं मेलं, असं ती म्हणते.

हे सगळं मी वहिनीला दोन दुपारी वाचून दाखवलं. दुसऱ्या दुपारी या विलापापाशी आल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उत्तरा तेव्हा पोटुशी होती ना हो?"

"हो. परीक्षित पोटात होता."

तिने मोबाइल उलटा करून ठेवला, उशी ओढली आणि कुशीवर आडवी झाली.